शेकरूचा मान आणि रानाचे छप्पर

महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरू या मोठ्या खारीविषयी आणि एकूणच वन्य प्राण्याला राज्याचे मानचिन्ह ठरवण्याच्या प्रथेविषयी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकातून केले होते. त्याला अपेक्षेपेक्षा मोठा प्रतिसाद मिळाला. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या भिंतीवर राज्यचिन्हांची चित्रे रंगवली आहेत. ती पाहून पाचवीची मुले विचारतात, की आपल्या राज्यात वाघ असताना खारीच्या कुळातला प्राणी का निवडला आणि तो कोणी निवडला? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, जुन्नर तालुका

उत्तर : मुलांच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेऊ. राज्यप्राणी ठरवण्याचा अधिकार त्या त्या राज्य शासनाचा असतो. त्यासाठी मतदान होत नाही आणि विधिमंडळात कायदाही करावा लागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली प्रत्येक राज्यात एक राज्य वन्यजीव मंडळ असते आणि मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. अशा विषयांवरची चर्चा आता साधारणपणे या मंडळात होते. २०१५ च्या जून महिन्यात याच मंडळाच्या बैठकीत ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान देण्याचा निर्णय झाला आणि असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. या फुलपाखराला मराठीत राणी पाकोळी किंवा नीलवंत म्हणतात. मुलांना त्याचे चित्र अवश्य दाखवावे, कारण ते पावसाळ्यात घराजवळच्या लिंबाच्या झाडावर अंडी घालायला येते आणि कोणत्याही सहलीविना पाहता येते.

आता वाघाविषयी. वाघ हा देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे. तोही पहिल्यापासून नव्हता. १९७२ पर्यंत हा मान सिंहाकडे होता, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. जो प्राणी साऱ्या देशाचे प्रतीक आहे, तो एका राज्याची ओळख म्हणून पुन्हा निवडण्यात फारसे औचित्य उरत नाही. राज्यप्राणी निवडताना तो प्राणी त्या भूमीशी किती एकरूप झालेला आहे हे पाहावे, असे मला वाटते, आणि या कसोटीवर शेकरू पुरेपूर उतरते. ही प्रजाती जगात केवळ भारतात आढळते. तिच्या अनेक उपप्रजाती आहेत. त्यांपैकी भीमाशंकरच्या परिसरातील उपप्रजातीचे शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये प्रसिद्ध केले आणि मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव तिला दिले. नाव परके असले तरी प्राणी सह्याद्रीचा आहे. जुन्नरच्या मुलांना हे सांगता येईल, की त्यांच्या शेजारच्या आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या डोंगरांत पसरलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले, ते मुख्यतः याच प्राण्याच्या रक्षणासाठी. एखाद्या खारीसाठी सुमारे १३० चौरस किलोमीटरचे रान राखून ठेवण्यात आले, ही गोष्ट पाचवीच्या मुलांना वाघाच्या गोष्टीइतकीच आवडेल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : राज्यप्राणी घोषित झाल्यामुळे शेकरूला कायद्याचे काही अधिक संरक्षण मिळते का? मी बरेच शोधले, पण अशी तरतूद आढळली नाही.
— कायद्याचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आपल्याला ती आढळली नाही, कारण ती नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘राज्यप्राणी’ असा वर्गच नाही. शेकरूची शिकार करणे, त्याला पकडणे, पाळणे किंवा त्याचा व्यापार करणे हा गुन्हा आहे, तो त्याचे नाव या अधिनियमाच्या अनुसूचीत आहे म्हणून. त्याला राज्याचा मान मिळाला आहे म्हणून नव्हे. उद्या शासनाने राज्यप्राणी बदलला, तरी शेकरूच्या शिकारीची शिक्षा तीच राहील. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची रचना बदलून त्यांची संख्या चारवर आणली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली; परंतु त्या फेररचनेतही राज्यचिन्ह असणे हा निकष मानलेला नाही.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा हे भारताचे राजचिन्ह आहे आणि त्याचा अनुचित वापर रोखण्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्या मुद्रेतील सिंह आणि गुजरातचा राज्यप्राणी असलेला गीरचा सिंह यांचा कायद्याच्या दृष्टीने काही संबंध नाही. मुद्रेला कायदा आहे, जिवंत प्राण्याच्या ‘राज्यप्राणी’ या बिरुदाला नाही. ही उणीव मानावी का? मला तशी मानावीशी वाटत नाही. बिरुदाने कायद्याचे काम करावे अशी अपेक्षा ठेवली, तर ज्या शेकडो प्रजातींना कोणतेच बिरुद नाही त्यांचे रक्षण आपोआप दुय्यम ठरेल, आणि तसे कोणालाही परवडणारे नाही. मात्र बिरुद देताना शासनाने त्यासोबत एखादे ठोस कर्तव्य स्वतःवर लिहून घ्यावे, असे मला आग्रहाने वाटते. ते कर्तव्य कोणते असावे, हे पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात येईल.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी फणसाड अभयारण्याच्या परिसरात नियमित फिरतो. पूर्वी एका पाणवठ्याजवळ शेकरू हमखास दिसे. आता तेथे झाडे आहेत, पण शेकरू नाही. असे का व्हावे? शेकरूला नेमके लागते तरी काय?
— एक वाचक, मुरूड

उत्तर : आपल्या त्या विशिष्ट जागी काय घडले हे येथे बसून सांगणे योग्य नव्हे. परंतु ‘झाडे आहेत, पण शेकरू नाही’ या आपल्या निरीक्षणात या प्राण्याचे सारे मर्म आले आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

शेकरूला झाडे लागतात, त्याहून अधिक त्याला झाडांचा परस्परांना झालेला स्पर्श लागतो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे तीन फूट लांब आणि दीड ते दोन किलो वजनाचा हा प्राणी आपले जवळजवळ सर्व आयुष्य फांद्यांवर काढतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना तो वीस फुटांपर्यंत झेप घेऊ शकतो आणि त्या वेळी त्याची झुपकेदार शेपटी तोल सांभाळते. पण झेपेलाही मर्यादा आहे. दोन शेंड्यांमधील अंतर तिच्याहून वाढले, की शेकरूपुढे दोनच वाटा राहतात : जमिनीवर उतरून बिबट्याच्या आणि कुत्र्यांच्या टप्प्यात यावे, किंवा आहे त्याच तुकड्यात कायमचे अडकून राहावे. म्हणूनच विखुरलेली शंभर झाडे त्याच्या दृष्टीने रान नसतात. एकमेकांत फांद्या गुंतलेली वीस झाडे मात्र रान असतात.

त्याच्या घरट्यांवरूनही हेच दिसते. काटक्या आणि पाने रचून केलेली ही गोल घरटी उंचावर, बारीक फांद्यांच्या बेचक्यात असतात. तेथवर जड शत्रू पोचू शकत नाही. एक शेकरू एकाच वेळी अनेक घरटी बांधते. काही झोपण्यासाठी असतात, तर एखाद्यात पिलू वाढते. घरट्याचे झाड निवडताना त्याच्या फांद्या शेजारच्या झाडांत मिसळलेल्या आहेत ना, हे ते पाहते, कारण संकट आले तर बाहेर पडायला एकाहून अधिक वाटा हव्यात. शिकारी पक्ष्याची सावली पडताच ते फांदीला अंग चिकटवून निश्चल पडून राहते. आणि धोका झाडाखाली असेल, तर रान दणाणून सोडणारा खडखडाटी आवाज काढते. ज्यांनी तो आवाज एकदा ऐकला आहे, त्यांना शेकरू दिसले नाही तरी ते तेथे असल्याचे कळते. सकाळी आणि दुपार कलल्यावर ते चरते, भर उन्हात विसावते. त्यामुळे आपल्या फिरण्याची वेळ बदलली असेल, तर त्याचाही विचार करावा.

भीमाशंकरचे सदाहरित रान अंजन, जांभूळ आणि पिसा या झाडांच्या संगतीसाठी वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे. त्यांच्या जोडीला आंबा, उंबर, हिरडा, पारजांभूळ असे वृक्ष असतात. शेकरू फळे, बिया, फुले, कोवळी पालवी आणि झाडाची सालही खाते. ते एका प्रकारच्या अन्नावर अवलंबून नसते, पण वर्षभर काही ना काही मिळण्यासाठी त्याला नाना जातींचे आणि नाना वयांचे रान लागते. एकाच जातीच्या झाडांची रांगेत केलेली लागवड वरून पाहता हिरवी दिसते. तीत शेकरूला दोन महिन्यांचे अन्न आणि दहा महिन्यांची उपासमार असते.

एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचे हे छप्पर कशाने फाटते, हेही पाहिले पाहिजे. पहिले कारण रस्ता. घाटातला अरुंद रस्ता असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे वर एकमेकांना भेटतात. रुंदीकरणात ती झाडे गेली, की एका रानाची दोन राने होतात. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक क्षेत्र असल्यामुळे श्रावणात आणि महाशिवरात्रीला तेथे प्रचंड गर्दी लोटते. भाविकांना चांगला रस्ता मिळालाच पाहिजे. पण रस्त्याची आखणी करणाऱ्याच्या नकाशावर वरच्या फांद्या दाखवलेल्या नसतात, हे माझे दुःख आहे. दुसरे कारण वीजवाहिन्यांसाठी केली जाणारी पट्टा-तोड. तिसरे कारण राब. भाताचे रोप टाकण्यापूर्वी उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून, त्या शेण आणि पालापाचोळ्यासह वाफ्यावर पसरून जाळण्याची रीत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीत शेतकऱ्याचा दोष नाही. त्याने तण मरते, जमीन तापते आणि रोप जोमाने येते, हा त्याचा अनुभव आहे. परंतु राबासाठी खराटा झालेले झाड शेकरूच्या वाटेतून वजा होते. गादीवाफ्यावर किंवा चटईवर रोपे तयार करण्याच्या पद्धती आता रूढ होत आहेत. त्या शिकवण्यावर होणारा खर्च हा शेकरूवरचाच खर्च आहे, असे समजायला हरकत नाही.

आणि या सगळ्यात जे टिकले आहे, ते देवरायांमुळे. भीमाशंकरच्या परिसरात आहुपे येथे आणि इतरत्र महादेव कोळी समाजाने देवाच्या नावाने राखलेल्या रायांमध्ये जुन्या वृक्षांचे छप्पर आजही अखंड आहे. शेकरूला राज्यप्राणी म्हणून मान मिळण्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे घर या लोकांनी सांभाळले होते. मागच्या उत्तरात ज्या कर्तव्याचा उल्लेख केला, ते माझ्या मते हेच : ज्या तालुक्यांत शेकरू आहे, तेथील कोणत्याही रस्त्याच्या, वाहिनीच्या किंवा इमारतीच्या आराखड्यात वृक्षांचे छप्पर कोठे तुटते हे मोजले जावे, शक्य तेथे ते तुटू देऊ नये, आणि तुटलेच तर दोन्ही बाजू दोरांच्या झुलत्या पुलाने तत्काळ जोडून मधली जागा स्थानिक झाडांनी भरून काढावी. राज्यप्राण्याचा मान राखण्याची याहून स्पष्ट रीत मला दिसत नाही.

प्रश्न : पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. आता तो पकडू नये असे कोणी म्हणेल का, अशी भीती आमच्या गावात काही जणांना वाटते.
— एक मच्छीमार, सातपाटी

उत्तर : ही भीती मनातून काढून टाकावी. सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला हा दर्जा मिळाला, तो मासा नित्य पकडला आणि खाल्ला जातो हे जाणूनच. मासेमारीचे नियमन राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याने होते, राज्यचिन्हाने नव्हे. आपल्या धंद्यावर परिणाम करणारी खरी गोष्ट त्याच वर्षीची आहे : पापलेटसह ५४ प्रजातींचे किमान आकारमान शासनाने ठरवून दिले आणि त्याहून लहान मासळी पकडण्यास मनाई केली. एकदाही अंडी न दिलेले पापलेट जाळ्यात आले, तर पुढच्या हंगामाचे पापलेट त्याच क्षणी कमी होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? पापलेट कमी होत चालल्याची पहिली हाक सातपाटीच्याच मच्छीमारांनी दिली होती, याचा मला आदर वाटतो.

प्रश्न : गोव्याचा राज्यप्राणी गवा आहे. तो आमच्या काजूच्या बागायतीत आणि कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) शिरून नासधूस करतो. ज्या प्राण्यामुळे शेतकऱ्याचे नुकसान होते, त्याला राज्याचा मान कशासाठी?
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : आपला रोष मी समजू शकतो, आणि तो अनाठायी नाही. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोपर्यंत भरतो. तो बागेत नुसता चालून गेला, तरी ठिबकच्या नळ्या आणि कोवळी रोपे उरत नाहीत. २०१६ मध्ये गोव्यात रानडुक्कर, माकड यांच्याबरोबर गवा आणि मोर यांनाही उपद्रवी प्राणी ठरवण्याचा विचार शासन-पातळीवर बोलून दाखवला गेला होता. म्हणजे ज्याला राज्याने मान दिला त्यालाच, आणि ज्याला देशाने मान दिला त्यालाही, उपद्रवी म्हणण्याची वेळ आली होती. त्यावर देशभर टीका झाली. परंतु टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी बागायतदाराला भरपाई किती दिवसांत मिळते, असे विचारले.

माझे उत्तर असे आहे. मान द्यायचा की नाही, हा प्रश्न गव्याच्या वर्तनावरून ठरवू नये. तो रानातून बाहेर का पडतो यावरून आपले कर्तव्य ठरवावे. रानातली गवताळ कुरणे आणि पाणी कमी झाले, रानाच्या कडेला खाणी आणि वस्ती वाढली, की एवढे मोठे जनावर कोठे जाणार? कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे अभयारण्य १९५८ मध्ये गव्यांसाठी स्थापन झाले आणि ते महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य मानले जाते. तेथून तिलारी, आंबोली, म्हादई असा गव्यांचा वावर आहे. त्यांना राज्याची सीमा ठाऊक नाही. म्हणून भरपाई, कुंपण आणि कुरणांचे संवर्धन यांचा विचार महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी एकत्र केला पाहिजे. ज्या राज्याने गव्याला मान दिला आहे, त्या राज्याने तर त्या मानाचा भार एकट्या बागायतदाराच्या खांद्यावर टाकू नये. भरपाई ठरावीक दिवसांत हातात पडणे हा राज्यप्राण्याच्या मानाचाच भाग आहे, असे मी मानतो.

डिसेंबर २०२० मध्ये पुण्यातील कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला होता. बघ्यांच्या गर्दीने आणि पाठलागाने तो बिथरला, आणि त्याला पकडल्यानंतर थोड्याच वेळात तो मरण पावला. ते दृश्य अनेकांनी पाहिले. प्राण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्याभोवती गर्दी करणे मात्र टाळता येण्यासारखे होते, आणि आजही एखादा गवा वाट चुकून गावात आला, तर सर्वांत आधी गर्दी दूर करावी, ही विनंती आहे.

प्रश्न : आमच्या भागातील माळढोक पाहता पाहता दिसेनासा झाला. राजस्थानने त्याला राज्यपक्षी केले आहे. तेथे त्या मानाचा काही उपयोग झाला का? आणि मानामुळे एखादा प्राणी खरोखर वाचल्याचे उदाहरण आहे का?
— एक शेतकरी, उत्तर सोलापूर

उत्तर : राजस्थानात माळढोकाला गोडावण म्हणतात आणि १९८१ पासून तो तेथील राज्यपक्षी आहे. या चार दशकांत त्याची संख्या घटतच गेली आणि आज देशात राहिलेले बहुतेक माळढोक जैसलमेरच्या आसपास आहेत. त्याच्या मृत्यूचे एक मोठे कारण उघड्या वीजवाहिन्या आहेत. हा पक्षी जड आहे, त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी त्याला झटकन वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील वाहिन्या भूमिगत करण्याविषयी आदेश दिला आणि २०२४ मध्ये त्यात बदल केला. माळढोकासाठी जे काही ठोस घडते आहे, ते न्यायालयात आणि जैसलमेर जिल्ह्यातील प्रजनन केंद्रांत. राज्यपक्षी या बिरुदाने तार हलली नाही.

आपल्या उत्तर सोलापुरातील नान्नजची कथा वेगळी आणि तितकीच बोलकी आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले, ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शहरे आणि शेते सगळीच आली. जमिनीचे व्यवहार अडले, लोक नाराज झाले आणि बिचारा पक्षी त्या नाराजीचा धनी झाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळरानांची जागा उसाने आणि इतर बागायतीने बरीचशी घेतली होती. नकाशावर फार मोठी रेघ ओढली आणि तिच्या आतल्या माणसाला सोबत घेतले नाही, तर काय होते, हे आपण स्वतः पाहिले आहे.

उंटाचे उदाहरणही येथे द्यावेसे वाटते. तो वन्य प्राणी नाही, तरी राजस्थानने २०१४ मध्ये त्याला राज्यप्राण्याचा मान दिला आणि २०१५ मध्ये त्याच्या कत्तलीवर व राज्याबाहेरील विक्रीवर कडक निर्बंध घालणारा कायदा केला. हेतू चांगला होता. परंतु उंटाला गिऱ्हाईक उरले नाही, किंमत कोसळली आणि राईका पशुपालकांना तो सांभाळणे परवडेनासे झाले. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात ३.२६ लाख उंट होते. २०१९ मध्ये २.१३ लाख राहिले. ही घट आधीपासून चालू होती हे खरे, पण कायद्याने ती थांबली नाही, हेही तितकेच खरे.

आता वाचलेल्या प्राण्यांविषयी. मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी बारशिंगा. कान्हा राष्ट्रीय उद्यानातील, कठीण भूमीवर राहणाऱ्या बारशिंग्यांची संख्या १९७० मध्ये केवळ ६६ वर आली होती. तेथे गवताळ मैदाने पुन्हा वाढवण्यात आली, पाणवठे तयार झाले, माद्यांना आणि पाडसांना शिकाऱ्यांपासून सुरक्षित राहता यावे म्हणून मोठे कुंपण घालण्यात आले. आज कान्हात हजाराच्या आसपास बारशिंगे आहेत आणि तेथून सातपुड्यात व बांधवगडातही ते नेण्यात आले आहेत. मणिपूरचा राज्यप्राणी सांगाई हरिण तर १९७५ च्या मोजणीत अवघे १४ उरले होते. लोकटाक सरोवरावरील तरंगत्या गवताळ थरावर, केइबुल लामजाओ येथे, ते आज काही शेकड्यांत आहे. दोन्ही ठिकाणी काम झाले ते गवताचे आणि पाण्याचे. मणिपुरात मात्र मला मानाचाही वाटा दिसतो, कारण सांगाई तेथील लोकांच्या नृत्यात, कथांत आणि अभिमानात आधीच होते. शासनाने जे घोषित केले, ते लोकांनी कधीच मान्य केलेले होते.

प्रश्न : रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी आहे, पण ती आमच्या गडचिरोलीतही आहे. मग तिच्यावर हक्क कोणाचा?
— एक वाचक, सिरोंचा

उत्तर : हक्कापेक्षा जबाबदारीचा विचार केला, तर ती दोघांची आहे. कोलामार्का येथे २०१३ मध्ये रानम्हशींसाठी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. इंद्रावतीच्या पलीकडच्या छत्तीसगडातील कळप आणि अलीकडचे कळप मुळात एकच. मध्य भारतात या प्राण्याची संख्या इतकी कमी आहे, की छत्तीसगडला २०२० पासून आसामातील मानस राष्ट्रीय उद्यानातून रानम्हशी आणाव्या लागल्या. त्यामुळे कोलामार्क्याच्या प्रत्येक जनावराचे मोल फार आहे. महाराष्ट्राने तिला मान दिलेला नाही म्हणून तिच्याकडे कमी लक्ष दिले जाऊ नये, एवढेच म्हणतो. गावच्या पाळीव म्हशींशी संकर आणि त्यांच्यामार्फत येणारे रोग हे तिच्यापुढचे मोठे धोके आहेत. सीमेवरील गावांत पाळीव जनावरांचे लसीकरण वेळेवर व्हावे, यासाठी आपण ग्रामसभेत आग्रह धरावा.

प्रश्न : आमच्या गावाला स्वतःचा प्राणी किंवा वृक्ष ठरवता येईल का?
— ग्रामपंचायत सदस्य, संगमेश्वर तालुका

उत्तर : अवश्य येईल, आणि तो ठरवावा. केरळातील कासरगोड जिल्ह्याने २०२३ मध्ये जिल्ह्याचा वृक्ष, फूल, पक्षी आणि कासवाची एक दुर्मिळ जात अशी स्वतःची चिन्हे ठरवली आणि तसे करणारा तो देशातील पहिला जिल्हा ठरला. आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती नोंदवही आधी जुन्याजाणत्या माणसांना सोबत घेऊन प्रामाणिकपणे भरावी. तीतून गावाचा प्राणी निवडताना जो टिकवण्यासाठी गावाला काही करता येईल असाच निवडावा. मग ते देवराईतले शेकरू असो, नदीच्या डोहातला मासा असो किंवा माळावरची टिटवी असो.

प्रश्न : मागच्या वर्षी वादळानंतर आमच्या वाडीतील एका मुलाला शेकरूचे लहान पिलू जमिनीवर सापडले. त्याने ते घरी आणून दूध पाजले आणि ते दोन दिवसांत मेले. असे पुन्हा घडले तर काय करावे?
— जुन्नरच्या त्याच शिक्षिका

उत्तर : त्या मुलाने दयेपोटी केले, त्याला रागावू नये. परंतु गाईचे दूध अशा पिलाला पचत नाही, आणि वन्य प्राणी घरात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला प्रेमाने सांगावे. पिलू सापडले तर प्रथम आसपासच्या झाडांकडे पाहावे. मादी जवळच असू शकते आणि माणसे दूर गेली की ती पिलाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. म्हणून पिलाला जखम नसेल, तर पाटीत सुका पाला घालून ते त्याच झाडाच्या सावलीत, शक्य असल्यास खालच्या फांदीवर बांधून ठेवावे आणि कुत्री-मांजरे येणार नाहीत इतक्या अंतरावरून लक्ष ठेवावे. ते जखमी असेल किंवा संध्याकाळपर्यंत मादी आली नाही, तर वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. वनरक्षक येईपर्यंत पिलाला उबदार आणि अंधाऱ्या खोक्यात ठेवावे, काहीही पाजू नये, आणि ते कोणत्या झाडाखाली सापडले त्या झाडावर खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे त्याला परत नेऊन सोडताना जागा चुकणार नाही.